नारबोद कुठवर न्यायची

॥ श्री ॥
मोहटोली, बालाघाट
ता. ९ एप्रिल १९६७

चि. सौ. पुष्पलतास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं, पण यायला हवं होतं त्याच्या आठवडाभर उशिरा. नवा पोस्टमन जबलपूरकडचा आहे. नगरपालिकेनं टोलीला वॉर्डाचं नाव दिल्यापासून मोहटोली कोणाला ठाऊक नाही. त्यानं मलाच विचारलं, बाबूजी, ये मोहटोली कहाँ पड़ती है. मी तेव्हा मोहटोलीत, माझ्याच ओट्यावर बसलो होतो.

तेजरामरावांना इथल्या भरवेलीच्या खाणीत जूनपासूनची हजेरीबाबूची नोकरी लागली, हे वाचून बरं वाटलं. क्वार्टर मिळेपर्यंत टोलीत राहू म्हणतेस, तेही बरं. पण राहशील कुठं? मागची खोली मी घनश्यामबाबूला भाड्यानं दिली. तुझी आई गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून दिली. तो सागरहून एकटा, एक ट्रंक घेऊन आला होता. आता त्याची बायको आहे, आई आहे, पोरं आहेत आणि एक मेहुणा आहे जो काय करतो ते मला अजून कळलेलं नाही. माझा ओटा तेवढा माझा उरला, त्यावरही त्यांची डाळीची वडी वाळते.

दुसरीकडे बघावं तर कुठं बघू? माझा बाप रेल्वेच्या मातीकामावर भंडाऱ्याकडून आला, त्याच्याबरोबर आणखी काही घरं आली, आणि मोहाच्या झाडाच्या अलीकडे टोली बसली. सगळी आपली माणसं. आता बघ. कोष्ट्याच्या घरात सिंधी कापडवाला आहे. फाळणीनंतर आला तेव्हा डोक्यावर गठ्ठा होता, आता दुकानावर पाटी आहे. छप्पन साली नागपूर सुटलं, भोपाळ आलं, आणि कचेऱ्यांमध्ये बाबू भरले ते सगळे भाड्याची घरं शोधत इकडेच आले. शाळेतला मराठीचा वर्ग आधी सकाळचा झाला, मग व्हरांड्यातला झाला, मग झालाच नाही. ज्यांची घरं ती माणसं शेतीवर परत गेली नाहीतर नागपूरला. तुझा भाऊ भोजराज तिकडेच गेला. राहिलो मी आणि गल्लीपलीकडे महागू. त्याच्याशी माझं रोज भांडण होतं, कारण मराठीत भांडायला दुसरं कोणी नाही.

तरी शोधतो. आनंदीचा खोकला कसा आहे ते आधी लिही. आजोबाचा जीव तिच्यात गुंतला आहे. तेजरामरावांना आशीर्वाद. बापावरची माया उन्हाळ्यात आटू देऊ नको.

तुझा बाबा
डोमाजी

•

तुमसर
ता. २० एप्रिल १९६७

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही अख्ख्या टोलीची खानेसुमारी लिहिलीत, पण आमच्या घराचं काही लिहिलं नाहीत. सिंध्याच्या पाटीखाली तर आम्हाला झोपता येणार नाही.

आनंदीचं विचारलंत. बाबा, खोकला नाही, धाप आहे. आमची खोली राइस मिलला लागून. दिवसभर कोंडा उडतो, भांड्यांवर बसतो, पाण्यावर तरंगतो. पोर सहा वर्षांची झाली पण दोन आळ्या धावली की भिंत धरून उभी राहते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की या पावसाळ्याच्या आत इथून काढा, औषधानं काही व्हायचं नाही. म्हणून घाई करते आहे. नाहीतर क्वार्टरची वाट बघितली असती.

हे नोकरीचे कागद द्यायला खाणीत गेले होते, तिथं कोणी सांगितलं की टिकारामभाऊंनी मोहाच्या झाडापलीकडे दोन नव्या खोल्या बांधल्या आहेत, भाड्यानं द्यायच्या आहेत. टिकारामभाऊ तर आपल्याच टोलीचे. तुमच्या ओट्यावरून हाक मारली तर त्यांना ऐकू जाईल. तेवढं बोलून ठेवा.

महागूकाकांना नमस्कार. जरा कमी भांडा, त्यांचंही वय झालं आहे. लेकीवर कृपा आहे तशीच असू द्या.

आपली
पुष्पलता

•

॥ श्री ॥
मोहटोली, बालाघाट
ता. २ मे १९६७

चि. सौ. पुष्पलतास अ. उ. आ.

टिकारामाच्या खोल्या बघून आलो. चांगल्या नाहीत. म्हणजे खोल्या चांगल्या आहेत, भिंती पक्क्या आहेत, छपरावरचे कवेलू नवे आहेत. जागा चांगली नाही. विहिरीचं पाणी मचूळ आहे असं ऐकतो. मागे नाला आहे, तिथून साप येतात. संध्याकाळी रस्त्यावर दिवा नाही.

शेजारही धड नाही. दुलीचंद म्हणून खाणीतला फिटर आहे, रीवाकडचा. त्याची बायको ललिताबाई. बाई मोठ्यानं बोलते. सहा वर्षं झाली येऊन, मराठीचा एक शब्द शिकली नाही. वागणंही चमत्कारिक. दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे वाटीभर खीर पाठवते. कशाबद्दल म्हणून विचारलं तर हसते आणि म्हणते, बाबूजी, आप तो सब जानते हैं. मला काही माहीत नाही. खीर चांगली असते, टाकवत नाही, म्हणून खातो.

टिकारामाला मी म्हटलं की तू तिकडं घर काहून बांधलं, तुले आपल्या बापजाद्याची काही आठवण? तो म्हणाला, काका, जागा तिकडंच होती, टोलीत तर आता उंदरालेही भाडं द्या लागते.

तू थोडी थांब. पावसाळा जाऊ दे. दिवाळीपर्यंत घनश्यामबाबूची बदली होईल असं त्याचा मेहुणा म्हणतो. तोवर आनंदीला रुमाल बांधून ठेव, कोंड्यात फिरू देऊ नको. रागावू नको. म्हाताऱ्याच्या सांगण्यात काहीतरी असतं एवढं धरून चाल.

तुझा बाबा
डोमाजी

•

तुमसर
ता. १२ मे १९६७

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून यांनी सायकल काढली, गाडीत टाकली आणि रविवारी बालाघाटला जाऊन आले. तुमच्याकडे मुद्दाम आले नाहीत. आले असते तर तुम्ही साप दाखवले असते.

विहिरीचं पाणी गोड आहे. ललिताबाईंनी त्यांना ओळखदेख नसताना बसवून मठ्ठा दिला, आणि साप कधी बघितला का असं विचारल्यावर म्हणाल्या की हो, एकदा, पण तो टोलीकडून आला होता. खोल्यांमध्ये वारा खेळतो. कोंडा नाही, धूर नाही. यांनी टिकारामभाऊंना शब्द देऊन टाकला.

बाबा, तुम्ही लहानपणी आम्हाला खोटं बोलू नका म्हणून कान पिळायचात. मग हे काय आहे? मी लेक असून तुमच्याजवळ येते म्हणते, तुमच्या दोन भाकरी करीन म्हणते, आणि तुम्ही म्हणता पोरीला रुमाल बांध. रुमालातून कोंडा जातो. श्वास तेवढा जात नाही. मी रात्री उशी टेकवून तिला बसवून झोपवते, आणि तुम्ही घनश्यामबाबूच्या मेहुण्याचा हवाला देता.

आम्ही यायला नको असलो तर तसं सरळ लिहा. एका ओळीत लिहा, म्हणजे पोस्टमनला त्रास नको.

आपली
पुष्पलता

•

॥ श्री ॥
मोहटोली, बालाघाट
ता. १८ मे १९६७

चि. सौ. पुष्पलतास अ. उ. आ.

एका ओळीत लिहिता येत नाही. तू टोलीत वाढलीस आणि विसरलीस, याचंच मला नवल वाटतं. मोहाच्या झाडाशी दरवर्षी कोण जाऊन थांबतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपण नारबोद काढतो. गवताची बाई, बांबूचे हातपाय, गळ्यात फुटकं सूप, हातात झिजलेला झाडू. तू स्वतः माझा हात धरून मागे ओरडत जायचीस, खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, ढेकूण घेऊन जा. साऱ्या टोलीची वर्षाची रोगराई तिच्या डोक्यावर द्यायची आणि तिला शिवेबाहेर टाकून मागे न बघता परत यायचं. शीव म्हणजे मोहाचं झाड. पलीकडे तेव्हा नुसती पडीत जमीन होती. आता तिथं टिकारामाची पडवी आहे. ज्या जागी नारबोद टाकतो, तिथं तुझ्या आनंदीची बाज पडेल.

आणि टाकतो कोण? मी. आधी टोलीनं ते काम महागूच्या घराण्यावर टाकलं होतं, कोणी त्यांना विचारलं नव्हतं. छप्पन साली त्याची गल्ली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. पुढच्या पोळ्याला मी त्याला बोलवायला गेलो, रीत आहे म्हटलं. तो म्हणाला, रीत तुमची अन् पाठ आमची, असं लय दिवस झालं. आता पाठही तुमचीच लावा. मी चिडून परत आलो. तेव्हापासून मीच नेतो. दुसरा कोणी पुढे होत नाही.

पूर्वी ती तिथं आठवडाभर पडून कुजायची. अलीकडे काही वर्षं दुपारी जाऊन बघावं तर नाहीशी. मागमूस नाही. म्हणजे तिचा जोर वाढला आहे, आपल्या पायानं चालू लागली आहे. कुठं जाते कोणाला ठाऊक? जवळच कुठेतरी जात असेल.

महागूला हे बोललो तर तो हसला. म्हणे, त्या बाईले आमी छप्पन सालीच सोडलं, तुमीच तिले कवटाळून बसले. त्याला हसायला काय. नात माझी आहे. छातीची अधू पोर आणि मी माझ्या हातानं साऱ्या गावाचा खोकला तिच्या उशाशी रचून ठेवलेला. आता तूच सांग, ये म्हणू की नको म्हणू?

लेकीनं बापाला समजून घ्यावं, एवढंच मागणं आहे.

तुझा बाबा
डोमाजी

•

तुमसर
ता. २५ मे १९६७

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. यांना वाचून दाखवलं तेव्हा हे हसले. मी हसले नाही. लहानपणी मागे वळून बघितलं म्हणून मला महिनाभर भीती वाटत होती, ती आठवली.

पण बाबा, नारबोद वर्षातून एकदा येते. कोंडा रोज येतो. आम्ही पहिल्या पावसाआधी येतो आहोत. सामान बैलगाडीनं स्टेशनवर, तिथून रेल्वेनं. तुम्ही स्टेशनवर या, आणि येताना घनश्यामबाबूच्या मेहुण्याला घेऊन या. त्याला काम नाही, पेटी उचलेल.

पोळा आला की बघू. लोभ तुमचा आहेच, तो आता हाकेच्या अंतरावर येतो आहे.

आपली
पुष्पलता

•

॥ श्री ॥
मु. नागपूर, भोजराजचे घरी
ता. २८ ऑगस्ट १९६७

चि. सौ. पुष्पलतास अ. उ. आ.

मी सुखरूप पोचलो. गोंदियाला गाडी बदलताना छत्री राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरानं बघितलं आणि म्हणाला मोतीबिंदू अजून पिकला नाही, थंडीत या. भोजराज म्हणतो, मग बाबा, तुम्ही ऐन पोळ्याच्या तोंडावर काहून आले? मी म्हटलं, डोळ्यासाठी. तो माझ्याकडे बघतच राहिला. सुनेनं माझं अंथरूण घातलं.

तुला सांगायला हरकत नाही. मी तिथं असतो तर मला नारबोद न्यावी लागली असती. नेली तर तुझ्या दारात. न नेली तर टोलीत राहते, ते आणखी वाईट. म्हणून मीच राहिलो नाही. मी नसलो की कोणी काढणार नाही असं वाटलं होतं. आता इथं येऊन झोप लागत नाही. घनश्यामची पोरं मी निघताना बांबू मागत होती. ती काढतील. त्यांना काय ठाऊक कुठवर न्यायची? मी जिथं थांबतो तिथं ती थांबतील.

तेजरामरावांना सांग, पहाटे झाडाशी उभं राहून पोरांना पुढे काढा. नाल्यापर्यंत न्या म्हणावं. आनंदीला त्या दिवशी बाहेर सोडू नको. दाराला कडुलिंबाचा डहाळा लाव. पावसात तिची धाप वाढलेली बघून निघालो, अजून बरी नसावी. बरी असेल तर तसं लिही. उत्तर लगेच टाक. ओल्या वातीसारखा फरफरतो आहे, म्हाताऱ्यावर दया असू दे.

तुझा बाबा
डोमाजी

•

मोहटोली, बालाघाट
ता. ६ सप्टेंबर १९६७

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

काल नारबोद निघाली. सगळं क्रमानं लिहिते, मध्येच पत्र खाली ठेवून घाबरू नका.

यांची पहाटेची पाळी आली, त्यामुळे झाडाशी कोणी उभं नव्हतं. लिंबाचा डहाळा मी लावला होता. पोरं आली ती सगळी हिंदीत ओरडत आली. घनश्यामबाबूच्या पोरांनी नारबोदीला मिशा काढल्या होत्या. सिंध्याच्या नातवानं तिला दुकानातली लाल चिंधी नेसवली होती. तुम्ही म्हटलंत तसंच झालं. पोरं झाडाशी आली आणि आमच्या पडवीसमोर तिला टाकून, मागे न बघता पळाली. आनंदी घोंगडी पांघरून दारातच उभी होती. मी तिला आत ओढलं आणि डहाळा जागेवर आहे का ते आधी बघितलं. सगळं शिकूनसवरून शेवटी मी तुमचीच लेक.

तेवढ्यात शेजारून ललिताबाई आल्या. सरळ नारबोदीजवळ गेल्या, तिचे हात मोडले, पाय मोडले, सूप काढलं आणि सगळं पदरात गोळा करून घराकडे निघाल्या. मी ओरडले, ये क्या करती हो. त्या म्हणाल्या, क्यों, इस साल तुम्हारे लिए आया है क्या, तो आधा ले लो.

बाबा, बसून वाचा. ललिताबाई पहिल्या वर्षी इथं आल्या तेव्हा पावसात सगळं सरपण भिजलेलं, चूल पेटेना, ओळखीचं कोणी नाही. पहाटे दार उघडलं तर समोर वाळलेला बांबू, गवत, सूप, झाडू. त्यांना वाटलं, सणाचा दिवस आहे, टोलीवाल्यांनी नव्या घराला सरपण दिलं. लांबून तुम्हाला परत जाताना बघितलं होतं. मागेही न बघता चाललात, म्हणून त्यांनी दुलीचंदभाऊंना सांगितलं की बाबूजी मोठे माणूस आहेत, देऊन बोलून दाखवत नाहीत. त्या सरपणावर त्यांनी खीर केली आणि पहिली वाटी तुम्हाला पाठवली. तेव्हापासून दरवर्षी.

म्हणजे नारबोद चालत कुठंच जात नव्हती. टोलीचा सारा खोकला ललिताबाईंच्या चुलीत जात होता, आणि तुम्ही त्याच्यावरची खीर खात होतात.

मी काय करू? खरं सांगितलं. त्यांनी पदरातल्या सुपाकडे बघितलं. मग म्हणाल्या, तो छह साल से अपनी बीमारी हमारे द्वार पर फेंक रहे थे? आणि दार लावून घेतलं. दिवसभर उघडलं नाही. मला वाटलं शेजार तुटला. महागूकाकांना कळलं तेव्हा ते मुद्दाम काठी टेकत आले, ललिताबाईंच्या बंद दारासमोर बसले आणि हसत हसत बोलले, बाई, गुस्सा मत करो, इतने साल में उसको किसीने ठीक ठिकाने लगाया तो तुमने. मग मला म्हणाले, तुह्या बापाले लिहून टाक, जे आमच्यानं झालं नाही ते या बाईनं केलं.

संध्याकाळी दार उघडलं. ललिताबाई वाटी घेऊन आल्या. खीर होती. म्हणाल्या, लकड़ी तो लकड़ी है, जल गई. पण पुढच्या वर्षीपासून तुमची बाई माझ्या दारात थांबणार नाही, नाल्यापर्यंत जाईल, आणि माझा जुना झाडूही तिच्या हातात द्यायचा. आनंदीनं दोन वाट्या खाल्ल्या.

तिची धाप अजून आहे. पावसाची रात्र असली की वाढते. पण परवा ती ललिताबाईंच्या पोरांमागे मोहाच्या झाडापर्यंत धावत गेली आणि झाड न धरता उभी राहिली. मी दारातून बघत होते.

डोळा पिकेपर्यंत तिथं थांबू नका. घनश्यामबाबूंची वडी तुमच्या सगळ्या ओट्यावर पसरली आहे.

आपली
पुष्पलता

•

॥ श्री ॥
नागपूर
ता. ११ सप्टेंबर १९६७

चि. सौ. पुष्पलतास अ. उ. आ.

पत्र बसूनच वाचलं. नंतर आडवा झालो. इतकी वर्षं ती खीर खाल्ली आणि मला काही झालं नाही, हे आठवून दुपारी उठून जेवलो.

भोजराज पोट धरून हसतो आहे. मला हसू येत नाही, लाज वाटते. ती बाई परमुलखातून आली, आणि मी तिच्याकडे बघितलंही नाही. बघायची रीत नव्हती म्हणून नाही बघितलं, पण तिनं त्याचा अर्थ किती चांगला लावला. टोलीत नवीन माणूस आला की मी सहा-सहा महिने कुरकुरतो. एवढ्या जणांत एकानंही माझ्याबद्दल असं चांगलं धरलं नसेल.

महागूला सांग, आल्यावर त्याचा समाचार घेतो. त्यानं माझ्याआधी तिच्या दारात जाऊन बसायला नको होतं, ते माझं काम होतं.

शुक्रवारच्या गाडीनं येतो. छत्री नाही, तेव्हा तेजरामरावांना स्टेशनवर पाठव. घनश्यामला ओटा रिकामा करायला सांग. निम्मा केला तरी चालेल.

आता दोन कामं, विसरू नको. टिकारामाला विचार, नाल्यापलीकडची जमीन कोणाची आहे. तिथं कोणी घर बांधायला घेतलं तर मला पाया खोदायच्या आधी कळलं पाहिजे. मी स्वतः जाऊन सांगेन की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय येतं आणि पुढे कुठवर न्यावं लागेल.

दुसरं, लाकडाच्या टालावरून चांगल्या वाळलेल्या सरपणाचा एक भारा घे आणि ललिताबाईच्या दारात नेऊन ठेव. माझं नाव सांगू नको, मागे वळून बघू नको. यापुढे दर पोळ्याला तो तिला पोचला पाहिजे. बिचारीनं तसं धरलं आहे, तर ते खरं करून ठेवलेलं बरं.

तिथं आल्यावर बाकीचं बोलू. तोवर माया आहे तेवढी राहू दे.

तुझा बाबा
डोमाजी